थोरलीच्या सडातलं मेण

मामा हे त्यांचं नाव नव्हे. बहिणीची मुलगी शाळेसाठी त्यांच्याकडे राहायला आली, दिवसभर ‘मामा, मामा’ करत त्यांच्यामागे गोठ्यात हिंडली, आणि बघता बघता गोठ्यातली माणसं, दूध न्यायला येणारा ड्रायव्हर, गुरांचे डॉक्टर, इतकंच काय, खुद्द मालकीणबाईसुद्धा त्यांना मामा म्हणायला लागल्या. मालकीणबाई वयाने त्यांच्यापेक्षा मोठ्या होत्या, पण आता त्याला इलाज नव्हता.

काम धारा काढण्याचं. गोठ्यात धार काढणारे आणखीही होते, पण मामा त्यांचे मुख्य, आणि आडदांड, लाथाड्या गायी त्यांच्याच वाट्याला येत. त्यांच्या हाताला गाय हलत नसे. मालकीणबाईंनी एकदा धार काढायची यंत्रं आणून ठेवली होती. मामांनी ती पुसून पुसून अशी लख्ख केली की वापरायला घ्यायची कुणाची छाती होईना. ती यंत्रं अजून फडक्याखाली झाकलेली आहेत.

मामांची ओळख एका शब्दात सांगायची तर स्वच्छता. दोन शब्दांत सांगायची तर अति स्वच्छता. बादली विसळायची, पालथी घालायची, आणि पालथी घातलेली बादली पुन्हा उचलून विसळायची. गोठ्याच्या फरशीवर पाण्याचा थेंब राहिलेला त्यांना खपत नसे. घरी मामी फरशी पुसत आणि मामा ती पुसलेली फरशी पुसत. “लग्न झालं तेव्हा मला वाटलं, माणूस मदतीला आलाय,” मामी म्हणायच्या. “नंतर कळलं, तपासायला आलाय.”

आणि या सगळ्या स्वच्छतेचा कळस म्हणजे मामांची वात. तरुणपणी त्यांनी ती स्वतःच शोधून काढली होती. सगळ्यांसारखी कास धुवायची, कोरडी करायची, हे तर झालंच. पण मामांचं तेवढ्यावर भागत नसे. ते खिशातून कापसाची बारीक, घट्ट पिळलेली वात काढत. सडाच्या, म्हणजे आचळाच्या, टोकाला जे इवलंसं तोंड असतं, त्यात ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीने अलगद फिरवत. गायीला कळायचंही नाही. वातीच्या टोकावर पिवळसर, मेणचट असं काहीतरी येई. मामा ती वात उजेडात धरून बघत आणि म्हणत, “हा बघा आतला मळ. हा सगळा दुधात गेला असता.” मग वात फेकून दुसरी घेत. त्यांचे खिसे कायम वातींनी फुगलेले. इतर धार काढणाऱ्यांना इतका धीर कुठला, पण मामांच्या गायी बघून तेही मान डोलावत. असा माणूस शोधून सापडायचा नाही, हे मालकीणबाई येईल त्याला सांगत.

त्या गायींमध्ये एक होती थोरली. भाची मामांकडे आली त्याच सुमारास ती कालवड म्हणून गोठ्यात आली, आणि दोघी बरोबरीने वाढल्या. भाची थोरलीच्या पाठीला टेकून पाढे म्हणायची आणि थोरली रवंथ करत ऐकायची. भाचीला पाढे लवकर आले. थोरलीचं काही सांगता येत नाही. पुढे भाची शिकून शहरातल्या गुरांच्या प्रयोगशाळेत लागली आणि थोरली गोठ्याची आई झाली. अर्धा गोठा तिच्या लेकी-नातींनी भरलेला. शेवटची लेक धाकटी, ती अजून व्यायची होती.

तर या थोरलीला दगडी झाली. दगडी म्हणजे कासेचा आजार. कासेचा एक भाग सुजतो, तापतो आणि दगडासारखा घट्ट होतो, म्हणून ते नाव. दूध नासल्यासारखं, त्यात गुठळ्या. डॉक्टरांनी औषध दिलं, सूज उतरली, मामांनी सुटकेचा श्वास सोडला. काही दिवसांनी पुन्हा तेच. दुसरं औषध झालं, तिसरं झालं. प्रत्येक वेळी जंतू आत दबा धरून बसायचा आणि औषध थांबलं की डोकं वर काढायचा. शेवटी डॉक्टर मालकीणबाईंना स्पष्टच म्हणाले की आता हिच्यावर कसलीही मात्रा चालत नाही, हिला गोठ्यात ठेवलं तर धार काढता काढता हा जंतू सगळ्या गायींना लागेल, तेव्हा गाडी बोलवा.

गाडी म्हणजे काय हे गोठ्यात कुणाला सांगावं लागत नसे. गाडीतून गेलेलं जनावर परत येत नाही.

मालकीणबाई दुष्ट नव्हत्या. त्यांना उरलेल्या गायी दिसत होत्या. त्या मामांना म्हणाल्या की तुम्हीच सांगा, मी काय करू? मामांनी थोरलीचं नासकं दूध एका निर्मळ बाटलीत घेतलं, बाटली बाहेरून दोनदा पुसली, आणि सकाळच्या धारा आटोपून बसने भाचीकडे गेले.

भाचीची प्रयोगशाळा मामांना फार आवडायची, कारण तिथे सगळं पुसलेलं असायचं. भाचीने दूध घेतलं, जंतूंचा खुराक घट्ट करून ओतलेल्या काचेच्या प्लेटवर त्याची रेघ ओढली आणि प्लेट उबदार कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. थोरलीच्या दुधातून सोनेरी ठिपके उगवले होते. हा जंतू तिच्या रोजच्या ओळखीचा होता. दगडी झालेल्या कितीतरी गायींच्या कासेत तो सापडतो. पण या गोठ्याचे जंतू जरा निराळे निघाले, आणि नेमकी तीच गोष्ट भाची गेली काही वर्षं डोळ्यात तेल घालून शोधत होती.

तिने फोनवरच मामांना समजावायचा प्रयत्न केला. जनावराची कातडी, माणसाची कातडीसुद्धा, स्वतःपुरती एक चरबी बनवते. त्या चरबीत मेदाम्लं असतात, म्हणजे फॅटी ॲसिड. ती जंतूंना विषासारखी. तिने ती चरबी एका प्लेटच्या खुराकात कालवली होती. दुसऱ्या गोठ्यांतून आलेले तसलेच सोनेरी जंतू त्या प्लेटवर मरून गेले. थोरलीचे जंतू मात्र मजेत वाढले.

“मामा, तू उद्या परत ये,” ती म्हणाली. “मला तुझे हात बघायचेत. धार काढणाऱ्याचे हात नेहमी तपासतात, त्यात वाईट वाटून घेऊ नकोस. फक्त एक कर. धारा काढल्यावर हात धुऊ नकोस.”

मामांना वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी जन्मात पहिल्यांदा न धुतलेल्या हातांनी बसचा प्रवास केला. हात त्यांनी मांडीवर असे उताणे ठेवले होते की जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत आणि मामा फक्त पोचवायला निघाले असावेत. भाचीने दोन मोठ्या प्लेटा पुढे ठेवल्या. एकीत साधा खुराक, दुसरीत चरबी कालवलेला. तिने मामांना उजवा पंजा आधी एकीवर आणि मग दुसरीवर हलकेच दाबायला सांगितला. मामांनी दाबला. प्लेटांवर काहीच दिसेना. मामांना जरा बरं वाटलं. शेवटी आपला हात आहे, त्यावर काय असणार. मग ते मोरीवर गेले आणि कोपरापर्यंत हात धुऊन आले.

त्या रात्री ते भाचीकडेच राहिले. सकाळी दोघं प्रयोगशाळेत आले, भाचीने कपाट उघडलं आणि पहिली प्लेट उजेडात धरली.

प्लेटवर मामांचा पंजा होता. पाची बोटं, तळवा, हाताच्या रेघांच्या मोकळ्या जागासुद्धा. आणि तो सगळा पंजा बारीक बारीक ठिपक्यांनी भरलेला: पांढरे, दुधाळ, फिकट पिवळे, मधेच एखादा नारिंगी, आणि सोनेरी. मामा बघतच राहिले. त्यांना किळस यायला हवी होती. आयुष्यभर ज्याच्याशी हाडवैर धरलं ते सगळं गणगोत तळहातावर नांदत होतं. पण किळस आली नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आपल्या हातावर एवढी वस्ती असते आणि आपल्याला तिचा पत्ता नसतो.

“हे सगळ्यांच्या हातावर असतं?” त्यांनी विचारलं.

“सगळ्यांच्या,” भाची म्हणाली. “माझ्यासुद्धा. मामीच्यासुद्धा.”

“मामीला सांगू नकोस,” मामा म्हणाले. “ती म्हणेल, एवढं पुसून काय मिळवलंत.”

मग भाचीने दुसरी प्लेट उचलली, आणि तिचा चेहरा बदलला. ती प्लेट जवळजवळ रिकामी होती. चरबीने तळवा साफ केला होता, करंगळी साफ केली होती, तिच्या शेजारची दोन्ही बोटं साफ केली होती. तिथे काही म्हणजे काही उगवलं नव्हतं. उगवलं होतं फक्त दोन ठिकाणी: अंगठ्याचं टोक आणि तर्जनीचं टोक. तिथे सोनेरी ठिपके दाटीवाटीने बसले होते, जणू कुणी बोटं सोन्यात बुडवून काचेला लावली असावीत.

भाचीला काही उलगडेना. तिने मामांचा हात हातात घेतला, बोटं उलटसुलट केली, कुठे चीर आहे का, जखम आहे का बघितलं. धार काढताना तर सगळी मूठ लागते, मग ही दोनच बोटं का? “या दोन बोटांनी तू असं वेगळं काय करतोस, मामा?”

भाचीच्या हातात असलेल्या मामांच्या हाताचा अंगठा आणि तर्जनी आपोआप जवळ आली आणि हवेत एक वात फिरवू लागली. मामांनी आपल्या बोटांकडे बघितलं. मग डाव्या हाताने खिशातून वात काढली आणि टेबलावर ठेवली.

त्यांनी सगळं सांगितलं. सडाचं तोंड कसं साफ करायचं, मळ कसा निघतो, किती वर्षं करतोय, कुणी शिकवलं नाही, स्वतःच शोधलंय. सांगताना सुरुवातीला आवाजात थोडा अभिमान होता. भाचीचा चेहरा बघता बघता तो विरत गेला.

“मामा, तो मळ नव्हता रे,” भाची शेवटी हळूच म्हणाली.

तिने त्यांना स्टुलावर बसवलं, चहा आणला आणि समजावून सांगितलं. सडाचं तोंड म्हणजे कासेचं दार. ते दार दिवसातून दोनदा उघडतं आणि बाहेर सगळी घाण. म्हणून गाय आपल्या दाराला आतून एक मेण लावते. धारेबरोबर थोडं वाहून जातं, ती पुन्हा बनवते. आटली, म्हणजे दूध द्यायची थांबली, की त्याच मेणाचं बूच करून दार गच्च बंद करते. त्या मेणात तीच ती मेदाम्लं. आत शिरू बघणाऱ्या जंतूच्या अंगावर ती चढतात, त्याच्या पातळ पापुद्र्यात घुसतात, त्याला भोकं पाडतात, आणि आतलं सगळं बाहेर गळून तो मरतो.

मामांचा चहा निवून गेला. गवत खाणारं, शेपटीने माश्या वारणारं जनावर, आणि ते आपल्या दारात स्वतःचं औषध स्वतः तयार करून ठेवतं. न सांगता, न शिकता. आणि आपण रोज सकाळ-संध्याकाळ ते काढून उजेडात बघत होतो आणि फेकत होतो.

“पण मग हे मेले का नाहीत?” त्यांनी सोनेरी ठिपक्यांकडे बोट दाखवलं. “माझ्या वातीला तर ते मेण लागायचं. बोटालाही लागत असणार.”

“तेच तर,” भाची म्हणाली. “लागायचं. पण पुरेसं नाही.”

तिने त्यांना मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावला. आधी मामांना स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग एकदम ते दिसले: इवले इवले गोल दाणे, घोसाघोसाने चिकटलेले, द्राक्षांसारखे. हलत नव्हते, काही करत नव्हते. ना डोळा, ना तोंड, ना हात. मामांनी विचारलं की यांना डोकं असतं का. भाची म्हणाली, नाही. मामांनी विचारलं, मग हे शिकले कशाने?

तेव्हा भाची जे बोलली ते मामा पुढे कितीतरी दिवस घोळवत राहिले. ती म्हणाली की यांच्या अंगात एक पंप असतो. आत शिरलेली चरबी उपसून बाहेर टाकणारा. एरवी तो झोपलेला. चरबीचा वास लागला की जागा होतो, काम झालं की पुन्हा झोपतो. चरबी भरपूर असेल तर पंपाची डाळ शिजत नाही, सगळे मरतात. पण चरबी थोडीच असेल, तर काही तगतात. आता लाखो जंतू जन्मतात तेव्हा एखादा जरा चुकीचा जन्मतो. त्याचा पंप झोपतच नाही. एरवी असला जंतू मागे पडतो, कारण सदा पंप चालवायचा म्हणजे सगळी ताकद त्यातच जाते. पण जिथे रोज थोडी थोडी चरबी आहे तिथे तोच टिकतो आणि त्याचीच पिलावळ वाढते. मग त्या पिलावळीत एखादा असा निघतो, ज्याचं बाहेरचं कवच जाड, चरबी त्याला नीट चिकटतच नाही. काहींना तर आणखी एक खुबी येते: त्या मेदाम्लाला पाण्याचा एक कण चिकटवायचा, की त्याची नांगी गळाली.

“आणि सगळ्यात मोठी गंमत ऐक,” भाची म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. पाढे पाठ झाल्यावर चमकायचे तसे. “जी चरबी त्यांना मारायला येते ना, तीच ते पकडतात, तिच्यावर शिक्का मारतात आणि स्वतःच्या पापुद्र्यात बसवून टाकतात. गायीने ज्याने मारायचं, त्यानेच हे आपलं घर शाकारतात.”

मामांनी पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. त्यांना राग यायला हवा होता. थोरलीला याच दाण्यांनी पोखरलं होतं. पण त्या क्षणी त्यांना नुसता अचंबा वाटत होता. इतकं लहान की दिसत नाही, इतकं मुकं की कळत नाही, आणि त्याने मारणाऱ्याच्याच हातचं हत्यार घेऊन भिंत उभी केली. मामांनी आयुष्यात बरीच हुशार माणसं बघितली होती, पण असं कुणी बघितलं नव्हतं.

मग हळूहळू दुसरी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली आणि ते सरळ बसले.

“रोज थोडी थोडी,” ते म्हणाले. “मारायला पुरणार नाही, पण शिकायला पुरेल. दाराचं मेण मी काढायचो, थोडं मागे राहायचं. बोटाला थोडं लागायचं. म्हणजे त्यांची शाळा मीच चालवली.”

भाचीने नाही म्हटलं नाही. तिला खोटं बोलता येत नसे; मामांकडेच वाढली होती. तिने फक्त त्यांच्या गार चहाचा कप उचलला आणि दुसरा चहा आणला.

मामा परतले ते थेट मालकीणबाईंकडे गेले. डॉक्टरही तिथेच होते. मामांनी वात पुढे ठेवली आणि काही न लपवता सांगून टाकलं. आपलं काम जाईल की राहील याचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. मनात थोरली होती. भाचीने सांगितल्याप्रमाणे त्यांनी एक मागणी केली. जंतू एका गायीकडून दुसरीकडे जातो तो धार काढणाऱ्याच्या हातांनी. तर थोरलीची धारच काढायची नाही. तिला आटवायची, मागच्या वाड्यात एकटी ठेवायची, दुधाची आशा सोडायची. उरलेल्या गायींना हातमोजे घालून, वात बंद करून सांभाळायचं.

डॉक्टर भले गृहस्थ, पण त्यांना खात्री वाटेना. मागच्या वाड्याला एक लाकडी कुंपण काय ते आड. जंतू गोठ्यात मुरला असेल तर थोरली इथे राहणं म्हणजे निखारा उशाशी ठेवणं, असं ते म्हणाले. मालकीणबाईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि मग निवाडा केला.

“धाकटी व्यायला झालीय,” त्या म्हणाल्या. “तिला तुमची वात कधी लागलेली नाही. तिची धार तुम्हीच काढा, तुमच्या या नव्या रीतीने. दूध तपासायला पाठवा. त्यात तो जंतू निघाला नाही, तर थोरली मरेपर्यंत इथे राहील. निघाला, तर मी गाडी बोलावणार, आणि मग मला थांबवू नका, मामा.”

मामांनी मान डोलावली. त्या दिवसापासून त्यांचा जीव टांगणीला लागला.

धाकटी सुखरूप व्याली. वासराने चीक प्याला, मामांनी हातमोजे चढवले आणि धारेला बसले. माणसाला काही करायला सांगितलं की तो करतो; काही करू नकोस सांगितलं की त्याचा कस लागतो. मामा कास धूत, कोरडी करत, आणि मग त्यांचा हात जाग्यावर थबके. सडाच्या टोकाशी तो मेणाचा बारीकसा कण दिसत असे. हात खिशाकडे जाई. मामा तो परत आणत. मोजे घातलेली बोटं शिवशिवत. धार काढायच्या आधी गाय पान्हा सोडेपर्यंत वाट बघावी लागते तशी मामांना स्वतःचे हात निवेपर्यंत वाट बघावी लागे. एकदा मामींनी धुवायला घेतलेल्या सदऱ्याच्या खिशात हात घातला तर मूठभर ताज्या वाती. मामांनी त्या सवयीने वळून ठेवल्या होत्या, त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. मामींनी जन्मात पहिल्यांदा थट्टा केली नाही. त्यांनी वाती गुपचूप केरात टाकल्या, आणि त्या दिवसापासून रोज खिसे स्वतः तपासू लागल्या.

थोरलीला मागच्या वाड्यात नेलं होतं. तिची धार बंद झाली, कास हळूहळू आटत गेली. सकाळी धारेच्या वेळी ती कुंपणाशी येऊन उभी राही आणि मामांकडे बघे. इतकी वर्षं ज्या हाताची सवय, तो हात का येत नाही, हे तिला कोण सांगणार. मामा लांबूनच तिच्याशी दोन शब्द बोलत आणि चारा ढकलून परत फिरत. त्यांच्या हातावर ती सोनेरी शाळा होती आणि थोरलीच्या कासेत त्या शाळेचे विद्यार्थी होते. दोघांनी एकमेकांपासून लांब राहण्यातच शहाणपण होतं.

काही आठवडे गेले आणि भाची स्वतः येऊन धाकटीच्या चारी सडांचं दूध घेऊन गेली. जाताना ती मामांना म्हणाली की निकालाचं मी काही कबूल करत नाही. मामा म्हणाले, नकोच करू.

निकालाच्या दिवशी अंगणात गाडी उभी होती. ती शेजारच्या गोठ्यातल्या कुठल्या जनावरासाठी आली होती आणि ड्रायव्हर पाणी प्यायला थांबला होता, पण हे मामांना कोण सांगणार? त्यांनी गाडी बघितली आणि हातातली बादली न विसळताच ठेवून दिली. ते फाटकाशी येऊन भाचीच्या वाटेकडे डोळे लावून बसले. मालकीणबाई ओसरीत आल्या, डॉक्टर आले. बस थांबली. भाची उतरली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तिने पिशवीतून एक प्लेट काढली आणि मामांच्या हातात दिली.

मामांनी ती उजेडात धरली. प्लेट चार भागांत आखलेली होती, एकेका सडाला एकेक भाग. पहिल्या भागात काही नव्हतं. मामांनी प्लेट फिरवली. दुसऱ्यात काही नव्हतं. तिसऱ्यात नव्हतं, चौथ्यात नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला आणि परत पहिल्यापासून बघितलं. पांढरा नाही, पिवळा नाही, सोनेरी तर नाहीच. काचेतून पलीकडचं अंगण, गाडी, फाटक, सगळं आरपार दिसत होतं. इतकी स्वच्छ वस्तू मामांनी आयुष्यात बघितली नव्हती, आणि ती त्यांनी पुसलेली नव्हती.

त्यांनी प्लेट मालकीणबाईंकडे दिली. मालकीणबाईंनी ती डॉक्टरांना दाखवली. डॉक्टरांनी बघितली आणि भाचीला एवढंच म्हणाले की दर महिन्याला तपासत राहा. मग मालकीणबाई ड्रायव्हरला म्हणाल्या, पाणी झालं असेल तर निघा, आमच्याकडे काही नाही.

मामा मागच्या वाड्यात गेले. भाचीही मागोमाग गेली. थोरली बरी झाली नव्हती, ती कधी होणारही नव्हती. कासेच्या त्या भागातली गाठ हाताला लागेल अशी होती आणि आत ते सोनेरी दाणे बसले होते, तिच्याच चरबीने शाकारलेल्या घरात. ते तिला मारू शकत नव्हते आणि ती त्यांना. मामा म्हणाले की आतल्यांना बाहेर काढता येत नसेल तर निदान बाहेरच्यांना आत जाऊ न देणं तिच्या हातात आहे. भाची म्हणाली, तिच्या नाही, तिच्या सडांच्या. मामा वाकले.

आटलेल्या प्रत्येक सडाच्या टोकाला मेणाचं पांढुरकं बूच बसलं होतं. गोल, घट्ट, जाग्यावर. कुणी न सांगता थोरलीने आपली दारं लावून घेतली होती. मामांना ती बुचं पहिल्यांदाच धड दिसत होती, कारण आजवर ती कधी टिकूच दिली नव्हती. ते किती वेळ वाकून बघत राहिले याचं त्यांना भान नव्हतं. थोरलीने मान वळवली आणि त्यांच्या खांद्याला नाक लावलं.

मामांचा अंगठा आणि तर्जनी सवयीने जवळ आली. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले. खिसे रिकामे होते. हात तिथेच ठेवून ते तिच्या शेजारी उभे राहिले.